रिकाम्या गाडीचं वजन

थोरला तापात गेला तेव्हापासून त्याची बॅटरीवरची गाडी धाकटी चालवायची. पण अंगणात दोन फेऱ्या झाल्या की गाडी मान टाकायची.

"वन्सं, आज दुरुस्त झाली नाही तर भंगारात देऊन टाकते. मला ती बघवत नाही," वहिनीने सांगितलं आणि ती आत गेली.

आत्या मोटारी दुरुस्त करणारी. तिने बॅटरी तपासली, वायरी चाचपल्या, मोटार उघडून पुसली. दोष कुठेच नव्हता. मग मोटार किती वीज ओढते ते बघायला तिने मीटर जोडून रिकामी गाडी रिमोटने फिरवली. एखादं पोर बसल्यावर चढावा तेवढा आकडा चढला. धाकटीला बसवलं, तर तो दुप्पट झाला.

"अशी कडेला का गं बसतेस?"

"दादा सरकतच नाही, आत्या. जाडोबा झालाय नुसता."



"सापडला का दोष?" वहिनी दारात येऊन उभी राहिली होती.

आत्याने मीटर काढून खिशात घातला. "दोष कसला, वहिनी. बॅटरी लहान पडतेय. मोठी बसवते, मग धावेल."

मोठी बॅटरी बसली आणि गाडी झोकात सुटली. धाकटी डाव्या कडेला बसून खिदळत होती, आणि गाडी उजवीकडे कलली होती.