गाडी किती दिवस उभी राहणार

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये मोटारसायकल उन्हाळ्यात झोपते. बाकीचं जग हिवाळ्यात गाडी बांधून ठेवतं आणि बर्फ वितळला की बाहेर काढतं, इथे सगळी उलटी गंगा. ऑक्टोबर ते एप्रिल मोहिद्दीन दर शुक्रवारी पहाटेची फजरची नमाज आटोपून आपली जुनी निळी गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणायचे, आणि मे महिन्यात ती शेडमध्ये बांधून ठेवायचे. बावीस वर्षांत त्यांनी या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. मरियमबीला त्यातलं एवढंच ठाऊक होतं, की त्या दिवशी घरभर पेट्रोलचा वास सुटतो आणि नवरा जेवताना गुणगुणतो.

यंदा जून उजाडला तरी गाडी तशीच होती, कारण मोहिद्दीन गावी होते. फेब्रुवारीत दापोलीकडे गेले ते जमिनीच्या वाटणीवर सह्या करायला. दोन महिन्यांचं काम, म्हणाले. रिटायर झालेला माणूस, मुलाच्या व्हिसावर राहणारा, त्याला रजा कोण विचारणार? सह्या मार्चमध्येच झाल्या. मग आंबा उतरवून येतो म्हणाले. आंबा उतरला, विकला, खाऊन संपला, बकरी ईदही झाली, आणि माणूस तिकडेच. सहा महिने बाहेर राहिलं की व्हिसा बाद होतो, हे पोराटोरांनाही माहीत असतं. मरियमबी रोज विचारायची, कधी येताय? आणि ते रोज मोटारसायकलीचं काढायचे.

पहिला व्हॉइस मेसेज आला, "टाकी गळ्यापर्यंत भरून ठेव. रिकामी राहिली तर आतून गंजते." दोन दिवसांनी दुसरा आला, "भरू नकोस गं. पेट्रोलात दारू असते. ती हवेतलं पाणी ओढते, तळाला पाणी बसतं, मग ऑक्टोबरात गाडी नुसती खोकते." त्याच संध्याकाळी तिसरा, "बिनदारूचं पेट्रोल मिळतं का, फहदला बघायला सांग."

मरियमबीने तिसरा मेसेज दोनदा ऐकला. ती शेजारच्या मुलांना संध्याकाळी कुराण वाचायला शिकवायची. मुलं समोर बसलेली आणि फोनमधून दारूचं निघालेलं, तिने घाईघाईने आवाज बंद केला. पेट्रोल पितं हे तिला आजच कळत होतं.

मुलगा फहद अबुधाबीला बँकेत होता, शुक्रवारी घरी यायचा. त्याने "मम्मी, टेन्शन नको" म्हणत इंटरनेटवरून एक लेख पाठवला. तो इंग्रजीत, म्हणून नातीला, नऊ वर्षांच्या दुआला, वाचायला बसवलं.

"दादी, इट सेज फिल द टँक बिफोर द फर्स्ट स्नो."

"बर्फ कुठला इथे?"

"आय डोन्ट नो. इट ऑल्सो सेज ॲड स्टॅबिलायझर."

"म्हणजे काय?"

"लाइक मेडिसिन. फॉर पेट्रोल."

आधी पेट्रोल दारू पिणार, मग औषध घेणार. मरियमबीने कपाळाला हात लावला. तरी औषधाची बाटली आणवली, पंचेचाळीस दिरहम, म्हणजे हजाराच्या वर रुपये, आणि ती फ्रिजवर ठेवून दिली. टाकीत किती घालायचं ते बाटलीवर होतं, पण टाकी भरायची की नाही हेच ठरत नव्हतं.

शुक्रवारी ती फहदबरोबर स्वतःच पंपावर गेली. त्याच्या कारची काच खाली करून तिने पंपावरच्या माणसाला विचारलं, "भाई, बिना अल्कोहोल का पेट्रोल है क्या?"

तो केरळचा होता, वयाने तिच्याएवढाच. तो हसला. "मॅडम, यहाँ सब बिना का ही है. तेल जमीन से निकलता है, गन्ना कौन लगाएगा?"

फहदही हसला. मरियमबीला मात्र हसू आलं नाही. याच पंपावर मोहिद्दीन बावीस वर्षं पेट्रोल भरत होते. या माणसालाही ते नावाने ओळखत असतील. इथल्या पेट्रोलात काय असतं आणि काय नसतं हे त्यांना ठाऊक नसेल? माणूस विसरायला तर लागला नाही? तिचा सासरा असाच सुरू झाला होता. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. एका तोंडाने भर, दुसऱ्या तोंडाने भरू नको, हे धड डोक्याचं लक्षण नव्हे. घरी येईपर्यंत तिने मनातल्या मनात त्यांना डॉक्टरकडे नेऊनही आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी असरच्या, दुपार उतरतानाच्या नमाजेनंतर तिने अलीमियाँला बोलावून घेतलं. अलीमियाँ श्रीवर्धनचे, सनायात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, त्यांचा मोटारसायकलींचा गाळा. मोहिद्दीनचे जुने दोस्त. ते हत्यारांची पेटी घेऊन शेडमध्ये आले, टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "अर्धी आहे, भाभी. पेट्रोल साफ आहे. आता फक्त एक सांगा. गाडी किती दिवस उभी राहणार?"

"त्यानं काय होतं?"

"सगळं त्यावरच आहे. चार-सहा महिने असेल तर टाकी भरायची, वर दोन बोटं जागा ठेवायची, नाहीतर या उन्हात पेट्रोल फुगून बाहेर येतं. तुमची ती बाटली घालायची आणि इंजिन दहा मिनिटं चालवायचं, खलास. पण वर्षभर किंवा त्याच्याहून जास्त असेल, तर सगळं काढायचं. टाकी सुकवायची, कार्बोरेटर रिकामा करायचा, आत तेलाचा हात फिरवायचा. अर्धवट ठेवलं की दोन्हीकडून नुकसान."

मरियमबीने त्यांना तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकवले. "हे बघा ना. डोकं ठिकाणावर आहे का त्यांचं? इथे कुठे आहे पेट्रोलात दारू?"

अलीमियाँनी टॉर्च विझवला. "इथे नाही. गावाकडे मिसळतात आता, उसाचं स्पिरिट. मोहिद्दीन गावच्या पेट्रोलचं सांगतोय."

"पण गाडी तर इथे आहे. गावी आमची गाडीच नाही."

यावर अलीमियाँनी टाकी पुसायला घेतली. टाकी स्वच्छ होती. ते तरी पुसत राहिले, आणि मरियमबीकडे बघेनात. तेव्हा तिला कळलं, की या माणसाला काहीतरी माहीत आहे आणि ते सांगणं त्याच्यावर सोपवलेलं नाही.

तिने तिथेच, शेडमध्ये उभ्याने, बोटिम ॲपवर मोहिद्दीनना फोन लावला.

"अलीमियाँ आलेत," ती म्हणाली. "विचारतायत, गाडी किती दिवस उभी राहणार?"

"त्याला म्हणावं टाकी भर." मग लगेच, "नाही, थांब. भरू नको."

"मी पेट्रोलचं विचारलं नाही. दिवस विचारले."

मग मोहिद्दीन म्हणाले, "मी इथे एक घेतलीय. सेकंडहँड. मार्चमध्ये."

"मोटारसायकल?"

"हो. पावसात बंद ठेवायची तर तिच्या टाकीत पाणी बसतं, म्हणून मी... डोक्यात तीच असते सारखी. सकाळी हर्णैपर्यंत जातो, मासळी आणतो. लोक हाक मारतात, मरियम. तिकडे रिटायर झाल्यापासून मला दिवसभरात कोण हाक मारत होतं?"

विसरलेले नव्हते तर. डोकं अगदी ठिकाणावर होतं. तिच्या छातीवरचा एक दगड उतरला आणि त्याच क्षणी दुसरा, त्याच्याहून जड, येऊन बसला.

"म्हणजे परत येणार नाही."

"रिकामी करून टाक टाकी," ते हळूच म्हणाले. "अलीला सांग, विकायची झाली तर बघ गिऱ्हाईक."

"इतके दिवस तुम्ही मला भर, भरू नको करत होता."

"भर म्हणालो त्या दिवशी यायचंच ठरवलं होतं, खरंच. दुसऱ्या दिवशी मन फिरायचं. सांगायला जीभ वळत नव्हती." मग जरा उत्साहाने, "तूही ये ना. फहदचं आता सगळं नीट आहे. कधी येतेस?"

दारातून दुआ तिला बघत होती. आत दिवाणखान्यात चटई अंथरलेली होती, थोड्या वेळाने मुलं वाचायला येणार होती. गावच्या घरात मरियमबीने लग्नानंतरची चौदा वर्षं एकटीने काढली होती, नवरा इथे असताना. तिथलं तिला सगळं माहीत होतं. पण तिथे परत जायचं आहे की नाही, हे तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कळलं की तुम्हाला सरळ सांगेन. मध्ये पेट्रोल आणणार नाही."

तिने फोन ठेवला. अलीमियाँ पाठ करून उभे होते.

"काढा सगळं," ती म्हणाली.

अलीमियाँनी नळी लावली, खाली डबा ठेवला. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. उन्हाने पत्रा तापलेला होता, घामाने तिचा दुपट्टा मानेला चिकटला, तरी ती शेवटचा थेंब पडेपर्यंत तिथून हलली नाही.