गाळलेली ओळ

भुरी कुत्रीचा ओठ अक्कांनीच वर धरला. आतली हिरडी दहा वेळा धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी होती. डॉक्टरीणबाईने तिच्यावर बोट दाबलं, सोडलं, आणि पुन्हा दाबून पाहिलं. एरवी मिक्सरसारखी अखंड बडबडणारी ही पोरगी आज हिरडीचा रंग परत येतो का तेवढंच बघत होती.

भुरी अक्कांची नव्हती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका एकट्या म्हाताऱ्याची होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो परगावी लेकीकडे गेला होता आणि जाताना महिनाभरासाठी भुरीला अक्कांच्या हवाली करून गेला होता. अक्कांच्या घरामागे आठ कुत्री राहतील असे आठ खण होते. डास शिरू नयेत म्हणून प्रत्येकाला बारीक जाळी, आणि भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवलेल्या, कारण गोचीड भेगेत अंडी घालते. हे अक्कांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या होत्या, तेही मधल्या सुट्टीपुरत्या, असं स्वतःच सांगायच्या. पण तीस वर्षांत शेकडो कुत्री त्यांच्या हाताखालून गेली होती. माझ्याकडच्या कुत्र्याला गोचीड लागलेली दाखवा, असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, आणि गिऱ्हाईक साखळी त्यांच्या हातात देऊन मोकळं होई.

डॉक्टरीणबाईने भुरीच्या मागच्या पंजाच्या बेचक्यातून चिमट्याने एक गोचीड ओढून काढली आणि बशीत टाकली. वाटाण्याएवढी फुगली होती. कानाच्या घडीत आणखी दोन निघाल्या.

गोचीड ताप होता आणि तो रक्तात चांगलाच भिनला होता. सलाईन लावते, औषध सुरू करते, पण खात्री देत नाही, असं डॉक्टरीणबाईने सांगितलं. मग मानेमागे घालायचं गोचिडीचं औषध कधी घातलं होतं ते विचारलं.

"पहिल्या सोमवारी. दर महिन्याला घालते. केस दुभागून, कातडीवर. माझ्या हाताने."

"आणि आंघोळ?"

"मंगळवारी," अक्का ताठ मानेने म्हणाल्या. त्या औषधाने पाठीवर तेलकट डाग पडतो. तसलं ओशट कुत्रं आमच्या दारात उभं राहत नाही. दुसऱ्या दिवशी साबण लावून खसखसून धुते. कुणाचंही कुत्रं बघा, आरशासारखी पाठ असते.

डॉक्टरीणबाईने कपाटातून त्याच औषधाचं खोकं काढलं. आतला घडीचा कागद टेबलावर पसरला आणि एका ओळीवर नख ठेवलं. औषधाआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. ओळीखाली एक चित्र होतं. टबात उभं असलेलं कुत्रं, आणि त्याच्यावर मारलेली जाड फुली.

ते चित्र वाचायला शाळा लागत नव्हती.

"हा कागद मला वाचून दाखवलाय," अक्का म्हणाल्या. "अख्खा."

"कुणी?"

अक्कांनी कागदाची घडी घातली, कमरेला खोवली आणि भुरीच्या डोक्यावर एकदा हात ठेवून बाहेर पडल्या.

वाचून दाखवणारी होती त्यांची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे जाऊन वर्षं लोटली होती. पोरं दूरदेशी. घरात ह्या दोघी आणि मागे आठ खण. जाऊ मॅट्रिक झालेली. विजेचं बिल, पोरांची पत्रं, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, सगळं तिने वाचायचं आणि अक्कांनी ऐकायचं. औषधाचं नवं खोकं आलं की ती मागच्या पायरीवर बसून आतला कागद मोठ्याने वाचायची. अक्का भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायच्या. एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत. हे औषध आणायला लागून सहा वर्षं झाली होती.

तिला सगळे मास्तरीण म्हणत. नाव अक्कांनीच पाडलेलं. लग्न होऊन आली त्या वर्षी, अंगणात चार गिऱ्हाइकं उभी असताना ती पटकन म्हणाली होती की अक्का, बाटलीवर अर्धं झाकण लिहिलंय, तुम्ही अख्खं देताय. बरोबर होतं तिचं. अक्कांनी अर्धं झाकण दिलं आणि वर म्हणाल्या, या बघा आमच्या मास्तरीणबाई, कुत्र्यांची परीक्षा घ्यायला आल्यात. अंगण खो खो हसलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. आता ते लाडाचं झालंय, असं अक्का धरून चालल्या होत्या.

त्या घरी पोचल्या तेव्हा मास्तरीण तिसऱ्या खणाची फाटलेली जाळी शिवत होती. हे काम पूर्वी अक्कांचं. दोन वर्षांपासून त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. सुई हातात आहे की नाही तेच कळेना. पूर्वी कुत्र्याच्या केसांतून हात फिरवला की मोहरीएवढी गोचीडही बोटाला लागायची आणि तिथल्या तिथे निघायची. आता लागत नव्हती. ही गोष्ट त्यांनी जगात एकीलाच सांगितली होती. तीच आता समोर बसून दात लावून दोरा तोडत होती.

अक्कांनी कागद तिच्या मांडीवर टाकला.

"भुरीला गोचीड ताप आहे, वाचेलच असं नाही. यात आंघोळीची ओळ आहे."

मास्तरीणने कागदाकडे पाहिलंच नाही. "आहे," ती म्हणाली.

"तू वाचली नाहीस."

"नाही."

"चुकून राहिली?"

"सहा वर्षं चुकून राहते का कुठे, अक्का." तिने सुई जाळीत खोचून ठेवली. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

"तू सांगून बघायचंस."

"एकदा बघितलं होतं. अजून त्याच नावाने हाक मारतात मला."

अक्कांच्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी धारदार आलं, पण नुसतंच आलं. त्या खणाच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. माझी बोटं गेली हे तुला ठाऊक होतं ना, असं त्यांनी विचारलं.

"ठाऊक होतं." मास्तरीण आता रडत होती, पण थांबली नाही. "तुम्ही मंगळवारी बाह्या वर करून बसायच्या. मी त्या खिडकीतून बघायचे. मनात म्हणायचे, घाला, खुशाल घाला आंघोळ. तुम्हाला सगळं येतं ना. कुत्रं मरेल असं नव्हतं वाटलं हो."

तीस वर्षांत अक्कांनी तिला ताप आला तर रात्र जागवली होती, तिच्या लेकाच्या फीसाठी आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. त्यातलं एकही त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्या वळल्या. अंगणात आंघोळीचा टब होता. तो उचलून त्यांनी भिंतीशी पालथा घातला.

भुरी तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

घड्याळवाला एका डोळ्याला पट्टी लावून आला. मास्तरीण दाराआड उभी होती, तोंडाला पदर लावून. अक्कांना ती दिसत होती. एक वाक्य बोलायचा अवकाश, सगळा भार तिच्या डोक्यावर गेला असता, आणि तो खोटाही नसता.

"माझ्या हातून झालं," अक्का म्हणाल्या. "औषध घातलं आणि मीच धुऊन काढलं."

म्हातारा भुरीचा पट्टा हातात घेऊन कितीतरी वेळ बक्कल उघडमीट करत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडे होती, म्हणून मी तिकडे निवांत होतो."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर अक्कांनी त्या पदरात घेतल्या असत्या. तो गेला तेव्हा त्या फाटकापर्यंत सोडायला गेल्या. परत येताना मास्तरीण पाण्याचा तांब्या घेऊन वाटेत उभी होती. त्यांनी तो तिच्या हातून घेतला, प्यायल्या, आणि परत दिला.

पुढच्या महिन्यात आठांपैकी तीनच खण भरले होते. सोमवारी सकाळी नवं खोकं आलं. मास्तरीण सवयीने पायरीवर बसली आणि कागदाला हात घातला. अक्कांनी तो काढून घेतला. पायरीवर पसरून पूर्ण उलगडला, चारी कोपरे दाबून सरळ केला आणि बोटाने वरून खाली ओळी मोजल्या. मोजणं त्यांना येत होतं.

"एक्केचाळीस आहेत," त्या म्हणाल्या. "एक वाचलीस की थांब."

मास्तरीण वाचू लागली. ती थांबली की अक्कांचं बोट एक ओळ खाली सरके. औषधाचं नाव झालं, वजनं झाली. चौदावी ओळ आंघोळीची होती, तिथे मास्तरीण मध्येच अडखळली. बोट तिथेच उभं राहिलं, ओळ पुरी झाली, बोट पुढे निघालं. शेवटी कारखान्याचा पत्ता आला, फोन नंबर आला. त्यांच्याखालूनही बोट एकेक ओळ करत गेलं.

बधिर बोटाला कागद लागत नव्हता. म्हणून अक्का त्याच्यावर नजर रोखून बसल्या होत्या, डोळे टक्क उघडे ठेवून.