पाठमोरं स्टेशन

गावाकडे पाठ करून उभं राहिलेलं स्टेशन तुम्ही कधी पाहिलंय? या गावाचं तसंच होतं. ते बांधणाऱ्या इंजिनिअरला पक्की खात्री होती, की गाव रुळांच्या पलीकडे वाढणार. म्हणून ऐटदार दर्शनी दरवाजा त्याने पलीकडे काढला. गाव कसलं ऐकतंय! ते अलीकडेच पसरत गेलं. मग लोक स्टेशनात शिरायचे ते मागून, मास्तरच्या क्वार्टरच्या अंगणातून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून.

त्या अंगणाच्या मालकीण म्हणजे काकू. आधी नवरा इथला स्टेशनमास्तर होता, आता मुलगा आहे. इमारत आड यायची, त्यामुळे फलाटावरच्या गार्डला गावचा रस्ता दिसत नसे. म्हणून पॅसेंजर आली, की काकू मागच्या दारात उभ्या राहायच्या. वळणावर कुणी धावत येताना दिसलं, की "थांब रे, येतायत!" आणि रस्ता मोकळा झाला, की "झालं, जाऊ दे!" गार्ड बदलले, वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली, पण काकूंचं "झालं" ऐकल्याशिवाय हिरवा झेंडा कधी हलला नाही. वरच्या साहेबांना हे कुणी कळवलं नव्हतं, आणि त्यातच सगळ्यांचं भलं होतं.

शेवटी एकदाची वरच्यांना जाग आली. भिंत फोडून गावाच्या बाजूला ऐसपैस गेट झालं. फलाटावरून थेट वळणापर्यंतचा रस्ता दिसू लागला.

"आई, सुटलीस बघ. आता आराम कर," मुलगा म्हणाला.

"आराम कशाला? आजारी आहे का मी?" काकू फणकारल्या. पण खरं सांगायचं तर त्यांना एकच घोर लागला होता. आता आपल्याला कोण विचारणार?

उद्घाटनाच्या दिवशी त्या हट्टाने स्वयंपाकघरात भांडी घासत बसल्या. बाहेर भाषणं झाली, टाळ्या झाल्या, गाडी आली. आणि नेमकी खिडकीतून नजर गेली वळणावर. शिंपी! शेजारच्या गावी लग्नाचे कपडे पोचवायचे होते, म्हणून डोक्यावर गाठोडं घेऊन जिवाच्या आकांताने पळत होता.

चुकू दे गाडी, त्यांच्या मनात आलं. एकाची चुकली, की सगळ्यांचे डोळे उघडतील. मग येतील काकू, काकू करत. त्यासाठी नुसतं गप्प बसायचं होतं, आणि काकूंनी गप्प बसून पाहिलंही. पण शिंप्याची एक चप्पल निसटली, ती उचलायला तो मागे वळला, आणि काकूंना राहवेना. साबणाच्या हातांनीच त्या दारात धावल्या.

"थांब रे! शिंपी येतोय!"

शिंपी चढला, "झालं" झालं, गाडी गेली. पहिल्याच दिवशी एकाही प्रवाशाची गाडी चुकली नाही, म्हणून साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. काकूंना रडू यायचंच बाकी होतं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता त्यांनी.

परतीच्या गाडीने आलेला गार्ड पाणी प्यायला अंगणात शिरला.

"काकू, शिंपी मला गेटातून केव्हाच दिसला होता."

"मग?"

"मग काय? तो येईल, चढेल, पण तुमची हाक कुठाय? झेंडा काखेत मारून उभा होतो. म्हटलं, काकूंना बरं नाही की काय? गाडी सोडू कशी?"

काकूंनी पेला त्याच्यापुढे आदळला आणि पदराने डोळे पुसले.

"मेल्या, घसा फुटेस्तोवर ओरडले मी! आणि उद्या मी नसले, तर गाडी काय इथेच उभी ठेवशील?"

"ठेवीन थोडा वेळ," गार्ड म्हणाला.