जीपच्या शिटाखालचं खोकं

आमचा जगन म्हंजी एक नंबरचा घुम्या. मनात काय शिजतंय त्ये कुणाला सांगंल तर शपथ. म्या त्याची थोरली भैन गीता, मला कधी सांगत न्हाई, तर आईला काय सांगणार? त्यात आई ठार बहिरी. आमच्या विंझर गावात समद्यांना ठावं, कमळाबाईच्या कानाशी बार काढला तरी तिला कळायचं न्हाई.

पर आबांची ढोलकी मातर तिला कळायची. आमचे आबा, दादू ढोलकीवाले, जयंतीच्या गाण्यांना वाजवायचे. ते वाजवायला बसले की आई शेजारी बसून ढोलकीच्या लाकडावर पंजा ठेवायची. जाड्या बाजूचा ठोका तिच्या हातात चढायचा अन् ती मान डोलवायची. आबा गेले अन् त्ये डोलणं बी गेलं. मग दिवसभर नुसतं सारवणं, कणगीची भोकं बुजवणं. उंदरांचा तिला लई तिटकारा. भोक दिसलं की लुगड्याची चिंधी, तिच्यात कडुलिंबाचा पाला, घट्ट बोळा करून खोल दडपायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्सं झाली असतील. आबांच्या वाजवण्याची एक टेप जगनकडं व्हती, भोरच्या कार्यक्रमातली. पर टेपच्या एवढ्याशा डबड्यातनं जाडा ठोका निघतच न्हाई. आईनं त्यावर हात ठेवला अन् उचलून घेतला. तवापास्नं आमच्या गड्याचं जेवणात लक्ष राहिलं न्हाई.

त्यो शिवऱ्याच्या एका मालकाची जीप चालवायचा. लग्नसराईत जीपमधी गाणी वाजली तर मालकाला हवंच व्हतं. जगननं मागच्या शिटाखाली बसंल असं फळ्यांचं खोकं केलं, सांधे सरसानं बुजवले, पुढं मोठा स्पीकर बसवला. बाजूला वाटीएवढं भोक पाडलं अन् आत पत्र्याची नळी घातली.

म्या म्हनलं, "आरं शाण्या, सांधे बुजवतोस अन् वर भोक पाडतोस?"

"आक्का, स्पीकर आतली हवा ढकलतो, ती ह्या नळीतनं भाईर येती. तवाच जाडा आवाज घुमतो. ह्ये भोक म्हंजी खोक्याचं नाक हाय."

घरातच खोकं ठेवून नळी जराशी कापायची, टेप लावून ऐकायचं, परत कापायची. शेवटी एका दुपारी, आई शेतावर असताना, आबांचा ठोका असा आला की मांडणीवरची भांडी वाजली. जगन रडला. म्या बी रडले, लाज कसली त्यात.

"आईला काय सांगू नगं," त्यो म्हणाला. "सकाळी शिटावर बसवून तिचा हातच ठेवतो."

सकाळी खोकं शिटाखाली सरकवलं अन् तिला जीपमधी बसवलं. जगननं ढोलकी वाजवायची खूण केली, तिचा पंजा फळीवर ठेवला अन् टेप लावली. गाणं वाजलं, पर ठोक्यात जीवच न्हवता. आईनं लई येळ हात ठेवला. मग त्योच हात पोराच्या गालावरनं फिरवला.

"न्हाई रं बाळा," ती म्हणाली. "त्ये गेलं. आता नगं शोदूस."

शिवऱ्याला वऱ्हाड खोळंबलं व्हतं. सरस सुटला आसंल, आलो की खोलून बघतो, असं म्हणून जगन गेला. एकामागनं एक लग्नं लागली. त्यो मोकळा व्हायच्या आत आई तापानं गेली.

माती झाली, पाव्हणे पांगले. जगननं शीट उचलून खोकं वढून काढलं. सांधे सगळे धड व्हते. मग त्यानं नळीत बोटं घातली, अन् आतनं बोळा निघाला. आईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी, आत वाळलेला कडुलिंब. ल्योकाच्या खोक्यात उंदीर शिरंल म्हणून शेतावरनं आल्या आल्या बुजवलं असणार तिनं.

मला जगनचा असा राग आला की थोबाडीत द्यावी. मेल्या, एक खूण केली असतीस तिला आदल्या सांजेला. पर देणार कुणाला? त्यो बोळा नाकाशी धरून खाली बसला व्हता, न्हानपणी तिच्या पदरात तोंड घालायचा तसा.

थोड्या वेळानं उठून त्यानं टेप लावली. ठोका आला. जमिनीतनं माझ्या पायात चढला.

"आक्का, हात ठेव," त्यो म्हणाला.

म्या न्हाई ठेवला. त्यो ठोका माझ्यासाठी केलेला न्हवता. आबा वाजवत राहिले, अन् आमी दोघं त्या रिकाम्या शिटाकडं बघत उभी राहिलो.