कोपऱ्यातला खडक

दुष्काळात कुंभारीकडच्या रस्त्याला जो मुरूम पडला, तो आमच्या माळाचा. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तेव्हा एकच अट घातली होती. वरची काळी माती आधी खरवडून बांधाला ढीग लावायची, खालचा मुरूम नेला की ती परत अंथरायची. रस्ता झाला, दुष्काळ सरला. आमच्याकडं उरला एक भला मोठा खड्डा आणि तो मातीचा ढीग.

त्या खड्ड्याचं पुन्हा रान करायला सरकारी ओव्हरसियर आले. वरच्या अंगाला माती पसरायची, खालच्या अंगाला तळं ठेवायचं. माळावरचं पाणी चरातून तळ्यात सोडायचं. चर जाणार वायव्येच्या कोपऱ्यातून. सगळ्या रानात तेवढाच तुकडा न खणता राहिला होता.

"तितनं न्हाय," मामा म्हणाले.

"का हो शरणप्पा? उतार तर तिथंच आहे."

"तितं खडक हाय."

ओव्हरसियरांनी बघू म्हणून पहार उचलली, तशी मामांनी ती त्यांच्या हातातून काढूनच घेतली. "खडक हाय म्हटलं की! बाजूनं काढा."

चर कोपऱ्याला वळसा घालून, ढिगाच्या कडेनं काढला. कामावरची केराबाई पाटी टेकवत म्हणाली, "साहेब, पाणी काय तुमच्या खात्यात नोकरीला हाय व्हय? म्हातारा सांगंल तितं वळाया?" सगळे हसले. मामा हसले नाहीत.

वळवाची एकच सर आली. पाणी वळणावर फुटलं आणि ढिगाचं एक अंग घेऊन गेलं. काळी माती मुरमात मिसळून तळाशी बसली, ती पुन्हा वेगळी होणार नव्हती. ओव्हरसियर चिडले नाहीत. लिंबाला बांधलेल्या झोळीतल्या माझ्या बाळाकडं बघत एवढंच म्हणाले, "अशीच अजून एक सर, शरणप्पा, आणि नातवाला तुमच्या मुरूमच पेरावा लागेल."

मामा खाली मान घालून कोपऱ्याकडं गेले. मी भाकरी घेऊन मागून चालले होते. कोपरा आला तशा त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या, तेवढा तुकडा अनवाणी ओलांडला आणि पलीकडं जाऊन परत घातल्या. तिथं काटे होते.

मी होते तिथंच उभी राहिले.

माझी पहिली मुलगी दुष्काळाच्या साली गेली. नाव ठेवायचं राहिलं होतं. आमच्यात, लिंगायतांत, पुरतात. आणि आईनं जागा बघायची नसते. बघितली तर पुढं कूस उजवत नाही, म्हणून सासूबाईंनी मला घरात धरून ठेवलं होतं. माझ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, जंगमानं बांधलेलं लिंग तिच्या मुठीत ठेवून, मामा एकटेच तिला घेऊन गेले. दगड ठेवला नाही. यांना विचारलं, तर मिलच्या पाळीवर होतो, मलाही ठाऊक नाही म्हणाले. तेव्हापासून आमच्या रानात मी पाय जपून टाकत होते, सगळीकडंच.

मामा बांधाला टेकून जेवायला बसले. मी भाकरीवर चटणी वाढली.

"मामा, चर कोपऱ्यातनंच जाऊ द्या."

"तुला काय कळतंय चरातलं?"

"चरातलं न्हाई कळत. तुमी चपला कुटं काढता, ते कळतं."

त्यांनी घास खाली ठेवला. पटक्यानं तोंड पुसलं. "मुरूम न्यायला गाड्या आल्या, तवापास्नं राखली गं अव्वा," ते म्हणाले. "तेवढीच राखली."

"तिच्यापायी बाळाचं रान वाहून चाललंय. तिला वर नेऊ. माती पहिल्यांदा पसरणार, तितं."

त्यांनी भाकरी बांधून ठेवली. लिंबाखाली जेवत बसलेल्या ओव्हरसियरांना हाक मारली, "साहेब, जेवन झालं की चर सरळच काढा!"

"आणि तुमचा खडक?"

"खडक आमी काढतो."

मला म्हणाले, "तू बघायचं न्हाई. पाठ करून हुबी ऱ्हा." मी पाठ केली. त्यांनी खोरं घेतलं नाही, हातानंच उकरत होते. मागून नुसता मातीचा आवाज येत होता आणि मधेच त्यांचं पुटपुटणं, "शिवा, शिवा." मग आवाज थांबला. पटका फेडल्याचा आवाज आला. पाटी माझ्या डोक्यावर आली, वरून पटक्यानं झाकलेली.

जड नव्हती. जड असती तर बरं वाटलं असतं.

"सावकाश," मामा मागून म्हणाले, "धक्का देऊ नगंस."

एक हात पाटीला लावून मी बांध चढायला लागले, आणि चोळी दुधानं भिजली. थांबून झोळीकडं बघितलं. बाळ गाढ झोपलं होतं.