वाफ गेली की घरी

चुलीशिवाय पाणी उकळतं, हे पाहायला रोज गर्दी व्हायची. आज ते उकळत नव्हतं, आणि हे पाहायला दुप्पट गर्दी झाली होती.

शीतलबाबांचं आवार डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं. मधोमध फरशीचा ओटा, ओट्यावर जाड गालिचा, गालिच्याला एक गोल भोक आणि त्या भोकावर तांब्याचं भांडं. आजूबाजूला ना लाकूड, ना कोळसा, ना विजेची तार. तरी भांडं खदखदायचं. "डोंगराचा ताप मी या भांड्यात ओढून घेतोय," असं बाबा सांगायचे. डोंगर बरेच दिवस धुमसत होता, मांडणीतल्या बश्या आपोआप किणकिणत होत्या. तेव्हा त्याचा ताप परस्पर कोणी ओढून घेत असेल तर लोकांना हवंच होतं. भांड्यातलं पाणी थेंबाथेंबाने वाटलं जायचं. त्याने कोणाची पाठ बरी झाली होती आणि एकीचा जावई सुधारला होता. जावयाने पाणी घेतलं नव्हतं, पण तेवढ्या तपशिलात कोणी शिरलं नाही.

आणि आज सकाळी डोंगराचा धूर थांबला. भांडंही गार पडलं.

"उतरला," बाबा डोळे मिटून म्हणाले. "डोंगर आता झोपलेल्या बाळासारखा आहे. उद्या सकाळी शाळेतली सगळी मुलं वर जातील आणि त्याच्या तोंडाशी फुलं ठेवतील. या कामाला निष्पाप हात लागतात."

बाबांचे स्वतःचे हात का चालत नाहीत, हे कोणी विचारलं नाही. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे उद्याची सुट्टी जाहीर केली, तेव्हा पोरांनी असा कल्ला केला की बाबांनी तो आपला जयजयकार समजून हात वर केला.

भूगोलाचे सर सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे होते. 'थांबा' हा शब्द त्यांच्या घशापर्यंत आला आणि तिथेच बैठक मारून बसला. स्वभावच तसा. न्हाव्याने कान कापला असता तर सरांनीच त्याची माफी मागितली असती. पुस्तकं भरपूर वाचली होती, पण ती लिहिणाऱ्यांनी आपला डोंगर कुठे पाहिलाय, ही शंकाही त्यांची त्यांनाच यायची.

तरी शाळेत परतल्यावर त्यांनी शहरातल्या भूकंपमापन केंद्राला फोन लावला.

"बरं झालं, कोणीतरी बोललं," तिकडून आवाज आला. "तुमच्या नगरपालिकेत सकाळपासून कोणी फोन उचलत नाही."

"सगळे बाबांकडे आहेत."

"कोणाचे बाबा?"

सर ओशाळले. "ते... ते असतात एक."

"हे बघा, डोंगराची जमीन फुगतेय. कोणालाही वर जाऊ देऊ नका. गाड्या पाठवतोय, पण पोचायला उद्याची दुपार होईल."

मुलं तर सकाळीच निघणार होती. सर धडपडत मोठ्या बाईंकडे गेले. बाईंनी अर्धं ऐकलं, हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही वाचलेलं फार मनाला लावून घेता."

वर्गात मात्र सरांना कंठ फुटायचा.

"सर, डोंगराला ताप येतो म्हणजे काय होतं?" तिसऱ्या बाकावरून प्रश्न आला. या मुलीला सगळी शाळा 'चौकशी' म्हणायची. खरं नाव हजेरीपुरतं.

"ताप नाही गं. खूप खोल इतकं गरम असतं की काही ठिकाणी दगडसुद्धा वितळतो. वितळलेला दगड आसपासच्या दगडापेक्षा हलका, म्हणून तो वर सरकतो आणि डोंगराखाली साठतो. त्यात वायू आणि वाफ मुरलेली असते. सोड्याच्या बाटलीत असते तशी."

"झाकण आहे तोवर दिसत नाही."

"शाब्बास. वर येताना दाब कमी होतो, बुडबुडे सुटतात. वाट मोकळी असेल तर ते धूर होऊन निघून जातात. तो धूर म्हणजे बरीचशी वाफच."

"आणि धूर थांबला तर?"

"तर दोन शक्यता. खालचं खरंच थंडावलं, नाहीतर वाट बुजली."

चौकशी उभीच राहिली. "आमच्या कुकरची शिट्टी एकदा अडकली होती. आजी म्हणाली, आज कसा शहाण्यासारखा गप्प आहे बघ. बटाटे अजून छताला आहेत."

वर्ग खो-खो हसला. ती हसली नाही. "मग आपलं कुठलं, सर? थंडावलं की बुजलं?"

"नुसतं बघून सांगता येत नाही. जमीन फुगते का, हादरते का, हे मोजावं लागतं. ज्यांनी मोजलंय ते म्हणतात, बुजलंय."

वर्गाचं हसू विरलं.

"मग तुम्ही बाबांना सांगा ना."

सर फळा पुसू लागले. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. "मोठ्या माणसांना सांगणं अवघड असतं," ते फळ्याकडे बघत म्हणाले.

"मग मी विचारते. विचारायला काय लागतं?"

सकाळी आवारात मुलं फुलं घेऊन रांगेत उभी होती. चौकशीची आजी पहिल्या रांगेत, हात जोडून. बाबांचं बोलणं सुरू झालं. ब्रह्मांडाच्या लहरी झाल्या, शीतल किरणं झाली, डोंगराने स्वप्नात येऊन मानलेले आभारही झाले. श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात बारीक आवाज आला.

"बाबा, हे भांडं खाली अंगणात ठेवलं तर उकळायचं का?"

"बाळ, ऊर्जेचं एक केंद्र असतं."

"म्हणजे इथेच उकळायचं. मग याच्याखाली काय आहे?"

"श्रद्धा आहे."

"श्रद्धेसाठी गालिच्याला भोक का पाडलंय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आजी ओरडली, "कार्टे, गप बस." बाबांच्या शिष्याने चौकशीचा दंड धरला आणि तिला ओढलं.

सर ओट्यावर कसे चढले, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. भांडं उचलताना निम्मं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. पण त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि गालिचा ओढला. खाली गंजलेल्या लोखंडी नळाचं तोंड होतं. त्याला पितळी कडं होतं.

"अगं बाई," आजी म्हणाली. "हा तर चौथ्या हौदाचा नळ. माझाच हौद."

आता एकेका म्हातारीचे डोळे मोठे झाले. याच जागी पूर्वी लाँड्री होती आणि या सगळ्या तिथे कामाला होत्या. जमिनीतली वाफ नळाने हौदांत सोडून हॉटेलांच्या चादरी उकळत. पुढे मशिनं आली, लाँड्री बंद पडली, गवत माजलं आणि बाबांनी वर ओटा बांधला. ज्या वाफेवर यांनी परक्यांच्या मळक्या चादरी वर्षानुवर्षं उकळल्या, तिच्यावरच उकळलेल्या पाण्याचे थेंब आता त्या स्वतःच्या डोळ्यांना लावत होत्या.

आजी मात्र नळाकडेच बघत होती. "वाफ गेली की घरी जायचं," ती हळूच म्हणाली. "मुकादमाचा हुकूमच होता. चादरी तशाच टाकून. एकदा वाफ थांबली आणि दुसऱ्या दिवशी एक हौद छपरासकट उडाला, तेव्हापासून."

"का जायचं, ते विचारलं नाहीस कधी?" चौकशी म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? सुट्टी मिळायची."

मोठ्या बाईंनी मान खाली घातली.

सरांनी भांड्यातलं उरलेलं पाणी नळात ओतलं. सगळे कान देऊन ऐकू लागले. आधी काहीच नाही. मग खोलवरून चर्र झालं आणि नळातून वाफेचा एक फुटका श्वास वर आला.

"गार तव्यावर चर्र होत नाही," सर म्हणाले. आवाज चिरकला, पण निघाला. "बाबांनी काही ओढून घेतलेलं नाही. वाफ होती तेव्हा भांडं उकळत होतं, वाट बुजली तेव्हा थांबलं. खालची आग आहे तिथेच आहे. केंद्रातले लोकही कालपासून हेच सांगतायत. मुलं वर जाणार नाहीत."

"पोरांनो, माझ्या मागे चला," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरी."

बाबांनी डोळे मिटले. "तुमच्या शंकेने डोंगर पुन्हा चिडला. मला एकांतात जाऊन त्याला समजवावं लागेल." तो एकांत डोंगराच्या नेमक्या उलट दिशेला निघाला. शिष्य, भांडं आणि गालिचाही गाडीत बसून एकांतात गेले.

दुपारी केंद्राच्या गाड्या आल्या. सगळा गाव शहराजवळच्या शाळेत जाऊन राहिला. दुसऱ्या दिवशी तिथल्या मैदानातून लोकांनी पाहिलं. डोंगराचं तोंड फुटलं आणि जिथे फुलं ठेवायची होती तो सगळा काठ दगड होऊन आभाळात गेला. मैदानातल्या आयांनी आपापली मुलं जवळ ओढली.

"भांडं हलवलं ना, म्हणून फुटला," एक गृहस्थ ठामपणे म्हणाले.

सर त्यांच्याकडे वळले. "भांडं हलवलं नसतं तरी फुटला असता, साहेब. मुलं वर गेली असती आणि तो एकच दिवस आधी फुटला असता, तर? डोंगराला आपली भक्ती कळत नाही आणि शंकाही कळत नाही. आपल्याला निदान विचारता येतं आणि मोजता येतं. तेवढं तरी करूया."

ते गृहस्थ पटलं नाही असा चेहरा करून निघून गेले.

पलीकडे वऱ्हांड्यात आजी सगळ्यांसाठी बटाटे उकडायला लावत होती. कुकरचं झाकण उचललं, आणि ते लावण्याआधी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून शिट्टीच्या भोकातून आरपार पाहिलं.

"काय बघतेस?" चौकशीने विचारलं.

"वाट मोकळी आहे का ते," आजी म्हणाली. "तू पण बघ."