डॉक्युमेंट्रीतला गिरीश

तीस वर्षांपूर्वी आम्ही सिएटलजवळच्या या बेटावर आलो, तेव्हा फायर स्टेशनच्या हॉलमध्ये चादर बांधून सिनेमे दाखवायचे. माझा नवरा गिरीश इथला एकुलता एक डॉक्टर. त्यानेच पेशंटांच्या मागे लागून साठ खुर्च्यांचं थिएटर उभं केलं. आता दोन थिएटरं आहेत, दर सप्टेंबरला फेस्टिवल असतो आणि जो तो कॅमेरा घेऊन हिंडतो. आमचा प्लंबरसुद्धा भुतांची फिल्म करतोय. कौतुक आहे बाई.

या सगळ्यावर डॉक्युमेंट्री केली सिएटलच्या बॉथेल उपनगरातल्या प्रीताने. आईवडील मराठी, जन्म इथला. दोन वर्षांपूर्वी ती कॅमेरावाल्या ओजसला घेऊन गिरीशच्या मुलाखतीसाठी फेरीबोटीने चार शनिवार येत होती. या मार्चमध्ये गिरीश गेला. त्याच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. व्हॉइसमेल ऐकला की मी डिलीट करायची. हा माणूस कुठे पळून जाणार होता?

म्हणून काल फेस्टिवलमध्ये तिच्या फिल्मच्या दुपारच्या शोला पहिल्या रांगेत जाऊन बसले, फक्त त्याचा आवाज ऐकायला. गिरीश दिसला अकरा सेकंद. ओठ हलत होते आणि वर प्रीताचं इंग्रजी निवेदन. असा राग आला! टाळ्या संपायच्या आत तिला बाहेर गाठलं.

"काकांचा आवाज कुठाय?"

ती कावरीबावरी झाली. "काकू, आय ट्राइड. काका बोलायला लागले की दर वेळी तुम्ही किचनमधून यायचात. पोहे गार होतील, ओजस लाजू नकोस, प्रीता अजून थोडे घे. एकही टेक क्लीन नाहीये."

म्हणजे मीच. घरी आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही. पण तेव्हा स्वतःचं तोंड शिवून टाकावंसं वाटलं.

नशीब, प्रीताने कापलेलं सगळं ठेवलं होतं. तिच्या गाडीत बसून मी हेडफोन लावले. खरंच, बशा, चमचे आणि माझी बडबड. मध्येच, मी चहा टाकायला गेले असणार, गिरीश हळूच म्हणाला,

"प्रीता, घाई करू नकोस हं. माझ्याकडे सांगण्यासारखं दहा मिनिटांचंच आहे. पण तुम्ही येता म्हणून मंजुषा शुक्रवारपासून घर आवरत असते. इथे हिच्याशी मराठीत बोलायला माझ्याशिवाय कोणी नाही गं. पुढच्या शनिवारीही या. काहीतरी प्रश्न काढ."

तीनदा ऐकलं आणि तिथेच रडले. मी तर तेव्हा त्याला टोमणे मारत होते, म्हातारपणी हिरो व्हायला निघालाय म्हणून. गाढव माणूस, हसून ऐकून घ्यायचा. मला इथे एकटं वाटतं, हे मी तीस वर्षांत त्याच्याकडे एकदाही कबूल केलं नव्हतं. आणि हा बाबा सगळं ओळखून होता.